"एबीसीचं टेंपरेचर वाढलंय, आज उशीर होईल," असं मी एकदा फोनवर आईला म्हणालो, तर ती म्हणाली, "अरे देवा, कुणाचं रे? डॉक्टरला दाखवलं का?"

तिचं काही चुकलं नाही. घरात टेंपरेचर माणसांना येतं. आमच्या सिलतऱ्यात, म्हणजे रायपूरहून बिलासपूर रस्त्याने पंधराएक किलोमीटरवर, ते एबीसीला येतं. एबीसी म्हणजे आफ्टर बर्निंग चेंबर. स्पंज आयर्नच्या किल्नमध्ये लोहखनिज आणि कोळसा हजारेक अंशांवर फिरत राहतात, खनिज न वितळता त्यातला ऑक्सिजन निघून जातो, आणि जो जळका वायू उरतो तो या एबीसीत पुन्हा जाळतात. तिथून तो डब्ल्यूएचआरबीत जातो, पाण्याची वाफ करतो, मग ईएसपीत जाऊन अंगावरची धूळ झटकतो आणि चिमणीतून वर जातो. माल डीआरआय म्हणून भट्टीत, भट्टीतून सीसीएमवर, तिथून रोलिंग मिलमध्ये आणि शेवटी टीएमटी होऊन ट्रकवर. खनिजापासून सळईपर्यंतच्या या सगळ्या प्रवासात एकही पूर्ण शब्द लागत नाही. "ट्रक" हा अपवाद.

आमच्या एका जुन्या ऑपरेटरला मी विचारलं होतं, एबीसी म्हणजे काय हो? त्याची तिथे अठरा वर्षं गेलेली. त्याने कंट्रोल रूमच्या काचेतून बोट दाखवलं आणि म्हणाला, "वो रहा." मला याहून नेमकी व्याख्या अजून मिळालेली नाही.

टीएमटीचंही तेच. थर्मो मेकॅनिकली ट्रीटेड. लालभडक सळई मिलमधून निघते, तशीच पाण्याच्या फवाऱ्यातून नेतात. वरची साल कडक होते, आतला गाभा गरम राहतो आणि तोच मग सालीला आतून शेक देऊन थोडी मवाळ करतो. बाहेरून कडक, आतून लवचीक. थोडक्यात, आमच्या गणिताच्या मास्तरांसारखी. भनपुरीच्या एका हार्डवेअरवाल्याने मात्र मला अगदी गांभीर्याने सांगितलं, "टीएमटी मतलब टिकाऊ, मजबूत, तगड़ा." मी दुरुस्त करणार होतो, पण त्याची विक्री चांगली चालली होती.

हे सगळं आठवायचं कारण आमच्याकडे आलेली ट्रेनी. मुलगी तिल्दा-नेवऱ्याकडची, इन्स्ट्रुमेंटेशनची, आणि तिच्याजवळ एक लाल वही. काहीही दिसलं की वही उघडायची आणि विचारायची, "सर, फुल फॉर्म?" फुल फॉर्म हा आपल्या देशाचा राष्ट्रीय छंद आहे. तिसरीतल्या पोरालाही युनेस्कोचा फुल फॉर्म पाठ असतो, युनेस्को काय करते ते माहीत नसलं तरी. पहिल्याच आठवड्यात तिने एबीसी ते सीसीएम सगळं उतरवून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी एका लिनक्सच्या मशीनवर जुन्या अलार्मच्या फायली चाळत होतो आणि "ग्रेप" असं टाइप केलं होतं.

"सर, ग्रेप? अंगूर?"

आता आली का पंचाईत. वीस वर्षं मी ग्रेप वापरतो. नाशिकची द्राक्षं आणि हे ग्रेप यांचा काही संबंध नाही एवढंच मला खात्रीने ठाऊक होतं. "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आणि रात्री शोधत बसलो. निघालं ते असं. बेल लॅब्जमध्ये युनिक्स तयार होत होतं तेव्हा तिथे ईडी नावाचा एक एडिटर होता. एडिटरमधलाच ईडी, तिथूनच काटकसर सुरू. त्यात एखादा नमुना असलेल्या सगळ्या ओळी छापायच्या असतील तर जी, तिरकी रेघ, नमुना, तिरकी रेघ, पी असं लिहायचं. जी म्हणजे ग्लोबल, सगळीकडे. मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, त्याचं आरई. पी म्हणजे प्रिंट. केन थॉम्प्सनने तेवढंच काम करणारा वेगळा प्रोग्राम काढला आणि त्याला ती आज्ञाच नाव म्हणून दिली. मराठीत केलं असतं तर "सगळीकडे, नमुना, छाप" याचं "सनछा" झालं असतं, आणि आज जगभरातली पोरं "जरा सनछा करून बघ" म्हणत असती.

दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिने वहीत लिहिलं आणि विचारलं, "पर सर, इतना छोटा क्यों?"

हा प्रश्न फुल फॉर्मपेक्षा चांगला होता. छोटं का? कारण हात दुखायचे. त्या लोकांपुढे आजच्यासारखा पडदा नव्हता, टेलिटाइप होतं. मॉडेल ३३ हे त्यातलं गाजलेलं, १९६३ चं. कळ दाबायची म्हणजे बोटाने खिळा ठोकायचा, आणि सेकंदाला फार तर दहा अक्षरं कागदावर उमटायची. अशा यंत्रावर "कॉपी" पूर्ण लिहिणारा माणूस उधळ्या समजला गेला असता. म्हणून सीपी, एमव्ही, आरएम, एलएस. टेलिटाइपचं टीटीवाय अजून प्रत्येक लिनक्सच्या पोटात आहे, यंत्र केव्हाच भंगारात गेलं तरी. (भंगारात गेलं असेल तर कधी ना कधी एखाद्या भट्टीत वितळलंही असेल. आमच्याकडे काय काय वितळायला येतं, ते पाहिलेल्या माणसाला असे विचार येतात.)

काटकसरीचाही मग अतिरेक होतो. युनिक्समध्ये नवी फाइल करायच्या आज्ञेत क्रिएट या शब्दाचा शेवटचा ई गाळलाय. थॉम्प्सनला पुढे कुणीतरी विचारलं, युनिक्स पुन्हा केलं तर काय बदलाल? तर तो म्हणाला, क्रिएटला ई लावीन. जोडलेली डिस्क सोडवायची तर अनमाउंट हवं, तिथला एन गेला आणि उरलं यू-माउंट, आमच्या अकाउंट्सवाल्याने ते पडद्यावर पाहिलं आणि "कितनी अमाउंट?" म्हणून थांबला होता.

पण एक सांगतो, आपण मराठी माणसांनी या थॉम्प्सनला हसू नये. आपण त्याचे पूर्वज शोभतो.

माझे वडील पोस्टकार्ड लिहायचे. पंधरा पैशांचं कार्ड, त्यात पत्ता, हवा, पीकपाणी, लग्न, दुखणं आणि उधारी असं सगळं बसवायचं. सुरुवात "ती. स्व. काकांस, सा. न. वि. वि." आणि शेवट "क. लो. अ." साष्टांग नमस्कार विनंती विशेष; कळावे, लोभ असावा. धाकट्याला लिहायचं तर "चि." आणि "अ. उ. आ.", अनेक उत्तम आशीर्वाद. एक ओळ राहिली असेल तर "ता. क." आणि पत्त्यावर "मु. पो. ता. जि." लहानपणी मला वाटायचं की मुपो हे जिल्ह्यापेक्षा मोठं काहीतरी असावं, कारण ते सगळ्यांच्या पत्त्यात असतं.

आणि ही सवय पोस्टकार्डाच्याही आधीची. आमच्या या छत्तीसगडात भोसल्यांचं राज्य होतं. बिंबाजी भोसले रतनपूरला बसून कारभार बघायचे, १७८७ साली ते वारले. त्यांनी इथे मराठी आणली, मोडी आणली. पुढे सुभेदार आले, परगणे झाले, परगण्यात कमाविसदार आणि फडणवीस बसले. मोडीची मुळात ख्यातीच हात न उचलता लिहिण्याची. त्यात परत संक्षेप. शब्दाचं पहिलं अक्षर लिहायचं, पुढे दोन दंड उभे करायचे, झालं. "पै॥" म्हणजे पैकी, "नि॥" म्हणजे निसबत. आजही महाराष्ट्रात गावाच्या पाटीवर "बु॥" आणि "खु॥" दिसतं. बुद्रुक आणि खुर्द, थोरलं आणि धाकटं. तिथला माझा मेहुणा इतकी वर्षं एका "खु॥" गावाला जातो, खुर्दचा अर्थ त्याला माझ्याकडून कळला. त्याचं काही अडलं नव्हतं.

बोरू, टाक किंवा टेलिटाइप, हात थकला की अक्षरं गळतात, हा नियम सगळीकडे एक. पुढे हात थकेनासा होतो, पण गळलेली अक्षरं काही परत येत नाहीत. उलट जे उरलंय त्यालाच शब्द समजून माणसं त्याच्यावर नवा संसार थाटतात. लिस्प ही १९५८ मधली संगणकभाषा, जॉन मॅकार्थीची. यादीतला पहिला घटक काढायचा तर "कार" म्हणायचं, उरलेली यादी हवी तर "कुडर", लिहायचं सीडीआर. कार म्हणजे मोटार नव्हे. कंटेंट्स ऑफ द ॲड्रेस पार्ट ऑफ रजिस्टर. आयबीएम ७०४ नावाच्या यंत्रात छत्तीस बिटांचा एक शब्द असे, त्याच्या एका तुकड्याला ॲड्रेस आणि दुसऱ्याला डिक्रिमेंट म्हणत. ते यंत्र केव्हाच वापरातून गेलं, पण कार आणि कुडर चालू आहेत, आणि त्यांच्या पोटी कॅडर, कॅडडर अशी नातवंडंही झाली. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं तरी रायपुरातल्या तात्यापाऱ्याला अजून तात्यापाराच म्हणतात, तसंच हे.

माझी स्वतःची फजिती वेगळ्या भाषेतली आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, परदेशातून सेकंडहँड आणलेल्या एका मशीनसोबत पीएलसी प्रोग्रामची छापील यादी आली. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक. यादी उघडली तर जिकडेतिकडे ई. ई ०.१, ई ०.२, ई ०.३. मी छातीठोकपणे साहेबांना सांगितलं, "सर, या मशीनवर फारच इमर्जन्सी आहेत." मग ए ४.०, ए ४.१ दिसले. ए म्हणजे अँड, हे मला शिकवलेलं; पण अँडला नंबर कसा? बहुतेक ॲनालॉग असेल म्हणून मी एका लँपच्या वायरवर चार ते वीस मिलिअँपिअर मोजत बसलो. रात्री दोनच्या सुमाराला कँटीनच्या चहाबरोबर डोक्यात प्रकाश पडला. यादी जर्मन होती. ई म्हणजे आइनगांग, इनपुट. ए म्हणजे आउसगांग, आउटपुट. अँडसाठी जर्मन लोक यू लिहितात, उंड मधला. इंग्रजी पद्धतीत अँडने ए बळकावल्यावर आउटपुटला ओ द्यायला हवा होता, तर ओ "ऑर"ने आधीच नेलेला, शिवाय तो शून्यासारखा दिसतो. म्हणून बिचाऱ्या आउटपुटच्या वाट्याला क्यू आला. क्यू म्हणजे काय, असं आमच्या ट्रेनीने विचारलं तेव्हा मी "रांगेत उभा राहिला म्हणून मिळाला" असं सांगितलं. तिने ते वहीत लिहिलं. मला खोडायला लावावं लागलं.

याच भाषेत "ऑन" असा एक शब्द आहे, ओ-एन. नवा माणूस वाचतो, पंप ऑन, म्हणजे पंप चालू. नाही. ऑन म्हणजे ऑर नॉट. जर्मनमध्येही ओडर निश्ट, योगायोगाने दोन्हीकडे ओ-एनच. म्हणजे "किंवा नाही". "पंप किंवा नाही" असं लिहिलेला प्रोग्राम वाचून शंभर टनी यंत्र सुरू करणाऱ्या माणसाच्या श्रद्धेला मी नमस्कार करतो.

अर्थ हरवला की माणूस स्वस्थ बसत नाही, तो नवा अर्थ शिवतो. टिकाऊ-मजबूत-तगड्याचा दुकानदार एकटा नाही. पिंग ही आज्ञा माइक मूस या अमेरिकी माणसाने १९८३ च्या डिसेंबरात लिहिली. पाणबुडीच्या सोनारचा आवाज पिंग असा येतो, म्हणून पिंग, बस. पण डेव्हिड मिल्स यांनी तिचं पॅकेट इंटरनेट ग्रोपर असं बारसं केलं आणि आता परीक्षेत तेच विचारतात. यूएसआर हे फोल्डर मुळात यूजर्सचं, वापरणाऱ्यांच्या घरांचं. पुढे घरं दुसरीकडे हलली, नाव राहिलं, मग कुणीतरी त्याचं युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस करून टाकलं. माणूस घर सोडून गेल्यावर त्या घराला "स्मृती" नाव देतात, त्यातलाच प्रकार.

आणि काहीच शिवता आलं नाही तर चमत्कार म्हणायचं. वीसएक वर्षांपूर्वी सगळ्यांच्या मेलमध्ये एक मजकूर फिरत होता: कॉन नावाचं फोल्डर संगणकावर कुणालाही बनवता येत नाही, हा शोध एका भारतीयाने लावला, आणि बिल गेट्ससकट मायक्रोसॉफ्टच्या कुणालाही याचं उत्तर देता आलेलं नाही! जयस्तंभ चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही चौघांनी तासाला वीस रुपये देऊन कॉन बनवायचा प्रयत्न केला. झालं नाही. ऊर अभिमानाने भरून आला. खरी गोष्ट अशी की कॉन म्हणजे कन्सोल, कळफलक आणि पडदा. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता, तेव्हा कॉन, पीआरएन, एनयूएल ही यंत्रांची नावं राखीव ठेवली. फोल्डर पुढे १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले, आणि राखीव नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीवच राहिली, जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून. गेट्सना उत्तर येत नसेल असं मला तेव्हाही मनापासून वाटलं नव्हतं. पण वीस रुपये गेले होते.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

आमच्या पहिल्या किल्नच्या पीएलसीचा प्रोग्राम बराचसा मी लिहिलाय. त्या भाषेत एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायची तर त्या जागेला खुणेचं नाव द्यावं लागतं, आणि ते नाव जास्तीत जास्त चार अक्षरांचं. चारच. लोक एम००१, एम००२ लिहितात. मी तेव्हा पंचविशीतला, एकटा राहणारा, नाइट शिफ्टमध्ये, वडिलांचं कार्ड खिशात. सुरुवातीच्या खुणेला मी नाव दिलं एस-एन-व्ही-व्ही. आणि शेवटी, जिथे सगळ्या उड्या येऊन पडतात आणि प्रोग्राम संपतो तिथे, के-एल-ओ-ए. बरोबर चार-चार अक्षरं. माझा आनंद काय वर्णावा. शिवकालीन पत्रांच्या शेवटी "मर्यादेयं विराजते" असा शिक्का असायचा, म्हणजे मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये. तसा हा माझा शिक्का. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

परवा, म्हणजे गेल्या पावसाळ्यात, मी दहा दिवस रजेवर होतो आणि बाहेरून ऑडिट आलं. प्रत्येक खुणेचं वर्णन असलेला तक्ता पाहिजे म्हणाले. तक्ता ट्रेनीने भरला; आता ती ट्रेनी राहिली नव्हती, कायम झाली होती, पण वही लालच होती. मी परत आल्यावर सहीसाठी फाइल पुढे आली. एस-एन-व्ही-व्ही: सेफ्टी न्यूमॅटिक व्हॉल्व्ह व्हेरिफिकेशन. के-एल-ओ-ए: किल्न लॉजिक आउटपुट ॲक्नॉलेज.

मी दोनदा वाचलं. चांगलं होतं. माझ्याहून चांगलं होतं.

"ऑडिटवाल्यांनी काही विचारलं?"

"विचारा था सर. सेफ्टी व्हॉल्व्ह का व्हेरिफिकेशन कितने दिन में होता है."

"मग तू काय सांगितलंस?"

"हर स्कॅन में सर. मैंने बोला, एक सेकंड में पचास बार."

आणि ते खोटंही नव्हतं. वीस मिलिसेकंदांना एकदा तो प्रोग्राम सुरुवातीपासून शेवटपर्यंत धावतो. म्हणजे गेली सतरा वर्षं सिलतऱ्याच्या त्या काळ्या धुळीत सेकंदाला पन्नास वेळा आमचा किल्न कुणाला तरी साष्टांग नमस्कार घालून लोभ असावा म्हणतोय. तक्त्यावर ऑडिटरची हिरवी खूण होती. मी खाली सही केली.

फेज टूमध्ये आता दुसरा किल्न उभा राहतोय. त्याचा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला. मागच्या आठवड्यात मी तो तपासायला घेतला. नीटनेटका, टापटीप, प्रत्येक ओळीपुढे शेरा. खाली येत येत शेवटच्या पानावर आलो आणि थांबलो.

"ये के-एल-ओ-ए यहाँ क्यों?"

तिने वही काढली नाही. "वो तो रहेगा ही सर," म्हणाली. "स्टँडर्ड है."